छतावरचं ऊन आणि कागदांचे खेटे : औसा तालुक्यातल्या कामाच्या नोंदी

9 जून 2025

घरांच्या छतावर सौर पॅनेल बसवून घेण्याच्या कामाला आज रीतसर सुरुवात केली. औसा तालुक्यातली दोन गावं घेतली आहेत, दोन्ही किल्लारीच्या भूकंपानंतर नव्या जागी वसलेली. बहुतेक घरांवर सिमेंटचा सपाट स्लॅब आहे, आजूबाजूला उंच इमारत नाही, झाडंही बेताचीच. सौर पॅनेल बसवायला याहून सोपी छतं मिळणार नाहीत.

मार्चपासून आम्ही दारोदार फिरून यादी केली. 'आम्हाला बसवायचं आहे' असं 61 घरांनी सांगितलं. प्रत्यक्ष पॅनेल बसलेली घरं तीन. मधे काय अडतं, असं विचारलं की पहिलं उत्तर 'पैका' हेच येतं. पण ओट्यावर अर्धा तास बसून बोललं की दुसरं निघतं. कुणी म्हणतं, नाव जुळलं नाही. कुणी म्हणतं, बँकेनं परत पाठवलं. एक जण म्हणाले, "सोलरवाला मोजून गेला ताई, पुन्हा तोंड दाखवलं नाही."

म्हणून आजपासून एक वही घातली आहे. प्रत्येक घरासाठी एक पान. कोणत्या तारखेला, कुठं, कशासाठी जावं लागलं आणि त्या दिवशीची मजुरी बुडाली का, एवढंच त्यात लिहायचं. पोरांनी वहीवर नाव टाकलं, 'खेट्यांची वही'.

14 जून

आधी बसलेल्या तिन्ही घरी जाऊन मागचे खेटे आठवून लिहून घेतले.

शिक्षकांच्या घरी 5 खेटे. मीटर त्यांच्याच नावावर, मोबाइल हाताशी, इंग्रजी वाचता येतं. किराणा दुकानवाल्यांचे 11. शेतकऱ्याच्या घरचे 19, आणि तेही सात महिन्यांत. गडी म्हणाला, "एवढ्यांदा तर पोरीच्या लग्नालाबी कुठं गेलो नव्हतो."

त्या 19 खेट्यांचा हिशेब त्यांच्याच ओसरीवर मांडला. एका खेट्याला बुडालेली मजुरी 400, जाणं-येणं नि चहापाणी 100. एकूण 9,500 रुपये. छतावरच्या सोलरसाठी केंद्राची पीएम सूर्यघर योजना आहे, तिच्यात पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30,000, तिसऱ्याला 18,000 आणि वर कितीही बसवलं तरी जास्तीत जास्त 78,000 रुपये अनुदान आहे. म्हणजे या माणसानं एका किलोवॅटच्या अनुदानाचा जवळजवळ तिसरा हिस्सा रस्त्यातच घालवला. हा खर्च कोणत्याही कोटेशनवर येत नाही. तो सोसणाऱ्यालाही तो खर्च वाटत नाही, नशिबाचा भाग वाटतो. मला आज याचं फार वाईट वाटलं.

एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवते. 10 किलोवॅटपर्यंतच्या संचाला आधी तांत्रिक व्यवहार्यता तपासून घ्यावी लागायची. ती अट 2024 च्या नियमदुरुस्तीनं गेली. तिन्ही घरांच्या पानांवर त्या कारणासाठी एकही खेटा नाही. नियमातली एक ओळ बदलली की गावातल्या माणसाचा दिवस वाचतो, हे वहीत स्पष्ट दिसतं.

23 जून

61 वीजबिलं एका सतरंजीवर मांडली आणि आधार, पासबुक यांच्याशी ताडून पाहिली.

27 बिलं घरातल्या हयात कर्त्या माणसाच्या नावावर. उरलेली 34 आजोबांच्या, चुलत्याच्या, वारलेल्या नवऱ्याच्या नावावर, नाहीतर नावात फरक असलेली. ज्ञानोबा बिलावर 'ग्यानोबा' झाले आहेत. इंग्रजीत आधारवर नावाची सुरुवात डी-एन-वाय अशी, पासबुकावर जी-वाय अशी. अर्ज बिलावरच्या नावानं होतो आणि अनुदान बँक खात्यात येतं, त्यामुळे या दोन अक्षरांवर सगळं अडून बसतं.

आजोबांच्या नावाचं मीटर बदलायला मृत्यूचा दाखला, ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा, म्हणजे घराच्या नोंदीचा उतारा, आधार आणि वारसांची संमती लागते. संमतीपाशी गाडी थांबते. चार भावांतला एक चाकणला कंपनीत, एक पुण्यात रिक्षावर, बहीण सोलापूरला. ते येतात दिवाळीला, नाहीतर लग्नकार्याला.

पण अंतराहून मोठी अडचण मनातली आहे. धाकट्याच्या नावावर मीटर झालं म्हणजे घर त्याचं झालं, असं थोरल्याला वाटतं. बोलून कुणी दाखवत नाही, फक्त "बघू की पुढं" म्हणतात. एका घरात मी विचारूनच टाकलं. थोरल्या भावजयीनं मान खाली घालून सांगितलं, "वाटणी व्हायची राहिलीय ना माय, म्हणून भ्या वाटतंय." वीजबिल हा मालकीचा पुरावा नसतो, हे तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं. आमच्या संमतीपत्राच्या नमुन्यात आता पहिलंच वाक्य मोठ्या अक्षरात टाकलं आहे : 'मीटरवरचं नाव बदलल्यानं घराच्या मालकीत किंवा वाटणीच्या हक्कात कोणताही फरक पडत नाही.'

ज्यांना ड्रोन मोजणीनंतर स्वामित्व योजनेची सनद मिळाली आहे त्यांच्याकडे हा प्रश्न सौम्य आहे. जागेचा कागद वेगळा हातात असला की मीटरच्या कागदाची भीती वाटत नाही.

2 जुलै

देवळाच्या सभामंडपात बैठक. बायका जास्त आल्या, कारण दुपारची वेळ ठेवली होती.

मी युनिट, अनुदान, कर्ज असं बोलत होते. मागून एक आजी म्हणाल्या, "ते समदं खरं हाय. पण डोस्क्यावर वजन नको माय." मंडप एकदम शांत झाला.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे इथली माळवदं खाली आली. दगड-मातीच्या रुंद भिंती, लाकडी सरे आणि वर दीड-दोन हात मातीचा थर. ती मातीच लोकांच्या अंगावर आली. या गावात छतावर काही चढवायचं म्हटलं की साठीच्या पुढचा प्रत्येक माणूस आधी वर बघतो. हे एकाही माहितीपत्रकात नाही. आमच्याही नव्हतं.

मी ठरवून आणलेलं भाषण बाजूला ठेवलं. आजींच्या घरावर हजार लिटरची पाण्याची टाकी आहे. ती भरली की फक्त पाण्याचंच वजन एक टन, आणि तेही दोन हाताच्या जागेत. तीन किलोवॅटची सहा पॅनेलं साधारण पावणेदोनशे किलोची, लोखंडी सांगाडा धरून फार तर त्याच्या दुप्पट, आणि तेही तीनशे चौरस फुटांवर पसरलेलं. हे सगळं खडूनं फरशीवर काढून दाखवलं. एक किलोवॅटला फक्त दोन पॅनेलं लागतात हे कळल्यावर आजी म्हणाल्या, "मग दोनच बसव. आमाला किती लागतीय लाईट?"

वजनाचा प्रश्न एका खडूत सुटला असं मी मानत नाही. ज्या स्लॅबला भेगा आहेत, सळई उघडी पडली आहे, तिथं आधी गवंड्याला दाखवायचं, आणि त्यानं नको म्हटलं तर त्या घराला स्पष्ट नाही म्हणायचं. अशी चार घरं आहेत. त्यांची नावं यादीत वेगळी ठेवली.

11 जुलै

लातूरच्या तीन सोलरवाल्यांना एकत्र बसवलं. भाव कमी करा म्हणायला नव्हे. भाव कशानं होतो ते समजून घ्यायला.

आमच्या 61 घरांपैकी 44 घरांचा महिन्याचा वापर 110 युनिटच्या आत आहे. आपल्याकडच्या उन्हात एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतो, महिन्याला 120 च्या आसपास. म्हणजे या घरांना एकच किलोवॅट पुरतो. तरीही प्रत्येकाच्या हातात कोटेशन तीन किलोवॅटचं, कारण 78,000 हा आकडा सगळीकडे रंगवलेला आहे. एक किलोवॅट मागणाऱ्याकडे सोलरवाला परत येत नाही.

एकानं मोकळेपणी सांगितलं. लातूरहून दोन माणसं मोजायला येतात. दहा घरं बघावीत तेव्हा एक काम मिळतं. मग कागद, पोर्टल, जिओटॅग फोटो, बँक, मीटर, तपासणी. हा सगळा खर्च तीन किलोवॅटला जेवढा, तेवढाच एका किलोवॅटला. मोठ्या संचात तो विरघळतो. लहान संचात तो डोळ्यात भरतो. एका किलोवॅटला त्यांनी 72,000 सांगितले होते ते याचमुळे.

मला आज कामाचा गाभा सापडला. पॅनेल, इन्व्हर्टर, तार यांचा खर्च घराच्या गरजेप्रमाणे कमी-जास्त होतो. कागद, फेऱ्या आणि अविश्वास यांचा खर्च गरिबाला नि श्रीमंताला सारखाच पडतो, म्हणून गरिबालाच जड जातो. तो कमी केला तर सगळ्यात जास्त फायदा 80 युनिट जाळणाऱ्या घराला होईल.

अमेरिकेत हा प्रश्न वेगळ्या रूपात होता. तिथं नगरपालिका-नगरपालिकेचे परवाने नि अर्ज वेगळे. 2011 मध्ये तिथल्या ऊर्जा खात्यानं 22 प्रादेशिक गटांना ते सुटसुटीत करण्यासाठी पैसे दिले होते. त्याआधी 2009 मध्ये पोर्टलंड शहरातल्या शेजाऱ्यांनी एकत्र येऊन एकच ठेकेदार निवडला आणि सगळ्यांची छतं एका दमात करून घेतली. आपल्याकडे परवान्याचा जाच तेवढा नाही, पण एकत्र येण्याची रीत आपल्या घरचीच आहे. एकमेकांच्या शेतात आळीपाळीनं राबायची सावड ती हीच. शेताला चालते तर छताला का नाही?

सोलरवाल्यांपुढे ठेवलं : मोजमाप आम्ही करून देऊ, कागद पूर्ण झालेलीच घरं देऊ, एका आठवड्यात किमान आठ. तिघांनी बंद पाकिटातून भाव दिले, ते ग्रामपंचायतीत सर्वांसमोर उघडले. सगळ्यात कमी भाव एका किलोवॅटला 61,000, पाच वर्षांच्या देखभालीसह. अनुदान वजा जाता 31,000.

29 जुलै

नावबदलाचं शिबिर, ग्रामपंचायतीत, सकाळी 8 ते संध्याकाळी 6. ग्रामसेवक, सेवा केंद्राचा मुलगा संगणक-प्रिंटरसह, फोटोवाला आणि झेरॉक्सचं यंत्र, सगळं एका खोलीत. नमुना 8 चे उतारे आदल्या रात्रीच काढून ठेवले होते.

34 पैकी 21 घरांचे अर्ज पूर्ण होऊन गेले. चाकणच्या भावांना आम्ही पंधरा दिवस आधी कळवलं होतं. पाच जण रात्रीच्या गाडीनं आले, सही करून दुपारच्या गाडीनं परत गेले. त्यांचा बुडालेला दिवसही वहीत लिहिला.

एक चूक आमची झाली. सहा अर्जांत आम्ही ग्राहक क्रमांक जुन्या, पुसट बिलावरून उतरवला आणि एक आकडा चुकला. बारा आकडे आहेत, यापुढे दोघांनी मोठ्यानं वाचून ताडायचे. ते सहा अर्ज परत आले की त्या घरांना पुन्हा जावं लागू नये, म्हणून आमच्यातलाच एक जण जाईल.

18 ऑगस्ट

बँक.

तीन किलोवॅटपर्यंतच्या संचाला तारणाशिवाय कर्ज मिळतं, अर्ज जनसमर्थ पोर्टलवरून. कागदावर हे सोपं आहे. पण आमच्याकडे सोयाबीनचा भाव पडला की पीककर्ज थकतं, थकलं की सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, खाली येते, आणि मग 31,000 रुपयांचं सोलरचं कर्जही नामंजूर होतं. 14 घरं याच कारणानं अडली. त्यांतल्या एकाही माणसानं बुडवायचं म्हणून बुडवलेलं नाही.

एका शाखेत आमच्या माणसाला तीनदा वेगवेगळे कागद सांगितले गेले. दुसऱ्या एका शाखेच्या साहेबांनी अर्धा दिवस गावात येऊन बसण्याचं कबूल केलं, आले, आणि एका बैठकीत 11 प्रकरणं बघितली. त्यांनी लागणाऱ्या कागदांची यादी स्वतःच्या हातानं मराठीत लिहून दिली. ती आता ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आहे. नियम दोन्हीकडे एकच. फरक पडला तो यादी एकदाच आणि लेखी मिळाल्यानं.

थकीतवाल्या 14 घरांसाठी बचतगटातून कर्ज देता येईल का, यावर महिला गटांची बैठक झाली. दोन गट तयार आहेत. व्याज जास्त पडेल, पण मुद्दल लहान आहे. अनुदान खात्यात आलं की ते आधी गटाला परत करायचं, असं ठरलं.

5 सप्टेंबर

जूनआधी सोलर बसवलेल्या दुकानवाल्यांनी आज भर चौकात विचारलं, "काल दुपारी दोन तास लाईट नव्हती, ऊन तर मरणाचं होतं. मग माझं सोलर का बंद?"

त्यांचा राग रास्त आहे. ग्रिडला, म्हणजे खांबावरच्या वीजवाहिनीला, जोडलेला बिनबॅटरीचा संच वीज गेली की स्वतःहून बंद होतो, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. हे त्यांना विकताना कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या पत्रकातही ते शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होतं. आता पहिल्या पानावर दोन गोष्टी आल्या : वीज गेली की सोलरही थांबेल, आणि बिल शून्य होणार नाही, स्थिर आकार भरावाच लागेल. यादीतल्या प्रत्येक घरी जाऊन हे तोंडी सांगितलं. तीन घरं मागं हटली. हटू देत. फसलो असं वाटणारं एक घर पुढच्या दहा घरांचं मन मोडतं.

17 सप्टेंबर

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनानंतर पंचायतीत थोडं बोलणं. सोलरवरचा जीएसटी 22 तारखेपासून 12 वरून 5 टक्के होतोय. भाव पुन्हा लिहून घेतला. तयार घरं 38. पाऊस थांबत नाही.

27 सप्टेंबर

मांजरा, तेरणा, दोन्ही नद्या पात्र सोडून वाहताहेत. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात, काही ठिकाणी मातीच वाहून गेली. सोलरचं नाव काढायची ही वेळ नव्हे. कामातली पोरं पंचनाम्याचे फोटो काढायला मदत करताहेत. ज्या घरांचे कागद आम्ही जमवून ठेवले होते, त्यांना मदतीच्या अर्जासाठी तेच आधार, पासबुक नि उतारे लगेच काढून देता आले.

30 सप्टेंबर

सकाळी भूकंपाच्या स्मृतिस्तंभावर. आजी हात जोडून उभ्या होत्या. काम नाही.

25 ऑक्टोबर

यादी 38 वरून 24 वर आली. पिकाचा पैसा आलाच नाही. जे टिकले त्यांतले बहुतेक बचतगटाच्या आधारावर.

दिवाळीला भाऊबंद गावात आहेत, म्हणून याच आठवड्यात काम लावलं. चार दिवसांत नऊ घरं. सोलरवाल्यांची एकच टोळी, मुक्काम शाळेच्या खोलीत, जेवण आळीपाळीनं घराघरांत. एकाच दिवशी तीन घरांचे अर्थिंगचे खड्डे, एकाच गाडीत सगळं लोखंड. टोळीचा मिस्त्री म्हणाला, एरवी एवढ्या कामाला त्याचे वीस दिवस जातात.

बायकांचं एक म्हणणं आधीच ऐकलं होतं ते बरं झालं. गच्चीवर मिरच्या, पापड, कुरडया वाळतात, उन्हाळ्यात माणसं झोपतात. एक किलोवॅटला शंभरेक चौरस फूट लागतात. म्हणून पॅनेलं उत्तरेच्या कडेला, तोंड दक्षिणेला, मधली जागा मोकळी. आजींच्या घरी दोन पॅनेलं बसली. संध्याकाळी नातवानं इन्व्हर्टरवरचा आकडा वाचून दाखवला. आजींनी विचारलं, "मंजी आता आपली लाईट सरकारला जाऊलालीय का?" थोडी जातेय, हे खरंच आहे.

14 नोव्हेंबर

गावाच्या खालच्या अंगाला एक ताई, नवरा वारलेला, दारिद्र्यरेषेखालचं कार्ड, महिन्याला 45 युनिट. राज्याच्या स्मार्ट योजनेत अशा घराला एका किलोवॅटसाठी केंद्राच्या 30,000 वर राज्याचे 17,500 मिळतात, योजनेच्या ठरलेल्या दरानं तिनं भरायचे फक्त 2,500. ज्यांच्यासाठी योजना आहे, तंतोतंत तीच ही बाई.

तिच्या पानावर आज काय आहे ते जसंच्या तसं उतरवते. मीटर सासऱ्याच्या नावावर. सासरा नि नवरा, दोघांचे मृत्यूचे दाखले लागतात; सासऱ्याच्या मृत्यूची नोंद झालेलीच नाही. छत पत्र्याचं, खालची लाकडी आडी किडलेली. उशिराच्या मृत्यूनोंदीसाठी तालुक्याला दोन खेटे झाले, अजून एक बाकी. 2,500 रुपये तिनं डब्यात बाजूला ठेवलेत.

पत्र्याखाली लोखंडी पाइप बदलायला 7,000 येतात. ते कोणत्याच योजनेत बसत नाहीत. गटाच्या बैठकीत विषय घेतला. मिस्त्रीनं मजुरी सोडायची तयारी दाखवली, पाइप दिवाळीच्या कामातून उरलेत त्यांतले निघतील.

8 डिसेंबर

आजअखेर 17 घरं पूर्ण बसली, 15 घरांचे नेट मीटर (घेतलेली नि दिलेली, दोन्ही वीज मोजणारे) लागले, 12 जणांच्या खात्यात अनुदान आलं. बचतगटाची नऊ कर्जं होती, त्यांतली सहा अनुदानातून उतरली.

वही : 17 घरांचे मिळून घरच्या माणसांनी केलेले खेटे 66, म्हणजे घरामागे चारच्या आत. आमच्या पोरांनी केलेले खेटे वेगळ्या पानावर आहेत, 83. ते लपवायचे नाहीत. खेटा नाहीसा झाला नाही, काही प्रमाणात तो आमच्या अंगावर आला. पण एका फेरीत आमचा माणूस सहा घरांचे कागद नेतो, हा फरक आहे. पुढच्या गावात 83 चा आकडा कसा उतरेल ते बघायचं आहे. मृत्यूनोंद आणि नमुना 8 या दोन गोष्टी पंचायतीनंच वर्षातून एकदा, दिवाळीच्या आठवड्यात, घरोघरी नीट करून दिल्या तर निम्मा भार तिथंच जाईल. तसा ठराव सरपंचताईंनी पुढच्या ग्रामसभेसाठी घेतला आहे.

बसलेल्या घरांसाठी एक सूचना फळ्यावर लिहिली. जास्तीच्या युनिटचा हिशेब 31 मार्चला होतो, तोवरची बिलं फाडू नका, पिशवीत ठेवा.

खालच्या ताईंच्या सासऱ्यांची मृत्यूनोंद शुक्रवारी झाली. नावबदलाचा अर्ज उद्या भरायचा, बारा आकडे दोघांनी वाचून. पाइप त्यांच्या अंगणात येऊन पडलेत.